पराकूला कधी जावं

मालकाच्या पोरानं फोनवर बघून सांगितलं,
डिसेंबर-जानेवारी.
हवा कोरडी, डास कमी, रस्ते उघडे.
बेनिनला जायचं तर तेव्हाच.
खानापुरात तेव्हा धुकं उतरतं
आणि काजूला मोहोर धरतो,
एवढंच मला ठाऊक.

बत्तीस वर्षं पोती तोलतो मी.
बी मुठीत खुळखुळवली की कळतं
गर भरलाय का पोचट.
म्हणून मालक म्हणाले, निंगाप्पा, या खेपेला तूच जा,
माल तिकडंच बघ,
इथं आल्यावर नाक मुरडू नको.

बेळगावच्या हेड पोस्टात बाईनं दोन कागद शेजारी ठेवले.
रेशन कार्डावर कन्नडात मी निंगप्पा,
शाळेच्या दाखल्यावर मराठीत लिंगाप्पा.
यातला जाणार कोण, म्हणाली.
जो काट्यावर असतो तो, म्हटलं.

बॉयलरवरचा बसवण्णी म्हणतो,
'चळिगालदाग होग्री मामा.'
थंडीतच जा म्हणे.
त्याला मी तिथला वारा सांगितला.
हरमाटन.
वाळवंटावरनं निघतो, ओठ फाडतो,
भांड्यांवर, भातावर, पापण्यांवर धूळ ठेवून जातो.
भरदुपारी सूर्य चाळणीतनं चाळल्यासारखा पांढरा.

हे सगळं बियोचं सांगणं.
बियो म्हणजे त्यांच्यात तिसरा मुलगा.
माझ्याही आधी दोघं.
दोन वर्षांमागं एका पोत्याच्या तोंडाशी
सुतळीत शिवलेला पुठ्ठा सापडला,
वर नुसता नंबर.
तो त्याच्या फ्रेंचात बोलतो, फोन त्याचं मराठी करतो.
फोनचं मराठी पुण्याचं आहे,
'आपण कसे आहात' म्हणतं.
मी म्हणतो, बरा हाय की गा.
ते तिकडं कसं पोचतं देव जाणे.

मालकांचा हिशोब आणखी निराळा.
फेब्रुवारी सरता सरता जा,
बोंडू झाडाखाली पडायला लागतात, भाव फुटतो,
ऊन असू दे, ऊन काय खातंय तुला.
बियोला विचारलं.
'तेव्हा आलात तर
पोत्यांच्या आडून मला फक्त बघाल,' फोन म्हणाला.
'ऑगस्टमध्ये या.
पाऊस असतो, वाटा मोडतात, खरेदीदार येत नाहीत.
मी घरी असतो.
नवी रताळी निघतात, कुटून खाऊ.'
रताळी?
ती तर आमच्याकडं ट्रकनं.
किती मोठं रे, विचारलं.
पोराच्या मांडीएवढं, म्हणाला.
म्हणजे रताळं न्हवं ते,
फोनला तेवढंच येत होतं.

ऑगस्टात मलप्रभा पुलाला पाठ घासते,
कणकुंबीची गाडी अर्ध्यातनं फिरते,
मी काट्याला तेल घालून
दुपारभर पोत्यांवर बसून असतो.
त्याचाही तोच महिना रिकामा.
दोघांच्या रिकाम्या महिन्यात जायला
तिकीट काढून देईल असा मालक
अजून कुठं जन्मला नाही.

तरी लोंढ्यावरनं गाडी धरून वास्कोला गेलो,
पिवळ्या तापाची सुई टोचून आलो.
दोन दिवस दंड जड.
पासपोर्ट दहा वर्षांत संपतो,
व्हिसा महिन्यात,
मालकांचा विचार दर मंगळवारी.
हे कार्ड कधीपर्यंत, डॉक्टरला विचारलं.
मरेपर्यंत, म्हणाला, आणि पुढच्याला हाक मारली.

रात्री बियोला कळवलं.
फोननं त्याला काय सांगितलं कुणास ठाऊक,
बराच वेळ हसत होता.
त्याच्या मागं पत्र्यावर काहीतरी सडसडत होतं.
पाऊस म्हणावा तर मार्च चाललाय.
बिया ओतत असतील.